मादाम लेब्रुन हिची कमाई

युरोपांतील स्त्रिया पहिल्यापासूनच मोकळ्या होत्या, त्यांच्या वाटेंत कोणीं कधीं कांटे पसरले नाहींत, आणि म्हणूनच त्यांच्यांत चित्रकर्त्या, ग्रंथकर्त्या व विदुषी निपजल्या, असा समज आमच्या लोकांत बराच रूढ आहे. सुधारणेच्या विरुद्ध पक्षाचे लोक ह्या समजाचा एका रीतीनें उपयोग करितात, व सुधारणेचे कैवारी म्हणविणारे कित्येक दुसऱ्या रीतीनें करितात. पहिले म्हणतात कीं, तिकडची हवाच निराळी, तेथलें झाड येथें लावून काय उपयोग? दुसरे म्हणतात कीं, तिकडे जें आयतें मिळालें तें आम्हांसही आयतेंच मिळावें. दोघांचीही चूक एकच आहे. तिकडेही तें आयतें नव्हतें. अठराव्या शतकांत पॅरिससारख्या विद्याकलांच्या माहेरघरीं एखाद्या मुलीच्या बोटांत कुंचला धरण्याची कला उपजतच असली, तरी ती कला विकून पोट भरण्यास तिला काय काय सोसावें लागे, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं एलिझाबेथ विझे-लेब्रुन ह्या बाईचें चरित्र एकदां नजरेखालून घालावें. ही बाई कांहीं अज्ञात नव्हे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचीं जीं चित्रें देशोदेशींच्या पुस्तकांतून छापलेलीं आढळतात, त्यांतलीं पुष्कळशीं हिच्याच हातचीं आहेत. राणीचा चेहरा सर्वांस ठाऊक आहे. पण तो ज्या हातांनीं रंगविला, त्या हातांची मिळकत कोणीं खाल्ली, हें फारसें कोणास ठाऊक नाहीं.

एलिझाबेथ हिचा जन्म पॅरिस येथें १६ एप्रिल १७५५ रोजीं झाला. बाप लुई विझे हा रंगीत खडूंनीं तसबिरी काढणारा चित्रकार होता. पोटापुरतें मिळवावें, मित्रमंडळींत रमावें व मुलीचें कौतुक करावें, एवढाच त्याचा संसार. आई केस विंचरून वेषभूषा करण्याचा धंदा करी. त्या काळच्या चालीप्रमाणें मुलीला जन्मतांच खेड्यांतील दाईकडे पाठविण्यांत आलें, आणि पांच-सहा वर्षांनीं ती घरीं परतते न परतते तोंच तिची रवानगी जोगिणींच्या मठांतील शाळेंत झाली. तेथें ही पोर आपल्या वहीच्या समासांत, सोबतिणींच्या वह्यांत, भिंतींवर, जेथें म्हणून जागा सांपडेल तेथें तोंडें काढीत बसे आणि त्याबद्दल शिक्षा भोगी. सात-आठ वर्षांची असतां एके रात्रीं दिव्याच्या उजेडांत तिनें एका दाढीवाल्या पुरुषाचें चित्र काढिलें. तें पाहून बापाला इतका आनंद झाला कीं, ही मुलगी चित्रकार व्हावयाची, असें त्यानें तेथल्या तेथेंच सांगून टाकिलें. मुलीच्या अंगचा गुण पाहून भिण्याच्या ऐवजीं हर्षित होणारे बाप त्या काळीं तिकडेही थोडेच होते. शिवाय हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, त्या शतकांत नांवारूपास आलेल्या बहुतेक चित्रकर्त्या ह्या चित्रकारांच्या मुली, बहिणी किंवा बायका होत्या. ज्या घरांत रंग, कागद व गुरु आपोआप उपलब्ध, तेथील मुलीसच कांहीं शिकण्याची आशा. बाकींच्या मुलींच्या अंगचा गुण अंगांतच जिरून जाई. किती जिरले असतील त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरांत नाहीं.

बापाचें हें छत्र फार दिवस टिकलें नाहीं. १७६७ सालीं, एलिझाबेथ बारा वर्षांची असतां, माशाचा कांटा गिळला गेल्याचें निमित्त होऊन तो वारला. आईनें पुढें लवकरच एका जवाहिऱ्याशीं पुनर्विवाह केला. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होते न होते तोंच तिच्या तसबिरींस गिऱ्हाइकें येऊं लागलीं. धाकट्या भावाच्या शाळेचा खर्च ती आपल्या कमाईंतून चालवूं लागली. परंतु पैसा हातीं येतांच सावत्र बाप तो उचलून नेई. हा गृहस्थ इतका कद्रू होता कीं, मयत विझेचे कपडे त्यानें आपल्या अंगाबेतानें दुरुस्तही करून न घेतां तसेच वापरावयास काढिले, आणि बापाच्या पोषाखांत वावरणारा हा परका माणूस पाहून मुलीच्या जिवाची काय अवस्था झाली तें तिनें म्हातारपणींही लिहून ठेविलें आहे. ह्या ठिकाणीं कोणी पुनर्विवाहालाच दोष देऊं लागेल म्हणून सांगतों कीं, दोष विवाहाचा नव्हता. दोष त्या माणसाचा होता, आणि घरांतील कर्त्या पुरुषास बायकामुलांच्या मिळकतीवर जी बेसुमार सत्ता कायद्यानें व रूढीनें दिली होती, तिचा त्याहूनही अधिक होता.

शिक्षणाची गोष्ट विचारावी तर ती चोरूनमारूनच. पॅरिस येथील राजकीय चित्रकला-अकादमीच्या शाळेंत मुलींस प्रवेश नव्हता. नग्न मनुष्यदेह समोर ठेवून रेखाटन करणें हा त्या काळच्या चित्रविद्येचा पाया समजला जाई, व तो अभ्यास स्त्रियांस वर्ज्य होता. ह्याचा परिणाम असा कीं, पुराणांतील व इतिहासांतील प्रसंगांचीं भव्य चित्रें काढणें, हा जो त्या विद्येंतला सर्वांत मानाचा व सर्वांत द्रव्याचा प्रकार, तो स्त्रियांस आपोआपच बंद झाला. आधीं हात बांधावयाचे, आणि मग हिला पोहतां येत नाहीं म्हणून हंसावयाचें, अशांतलाच हा प्रकार होय. उरल्या तसबिरी, फुलें आणि फळें. एलिझाबेथनें ह्या कोंडीतून आपल्यापुरती वाट काढिली. आईला बरोबर घेऊन ती श्रीमंतांच्या खासगी संग्रहांत जाई व रूबेन्स, रेम्ब्रांट, व्हान डाइक ह्यांच्या चित्रांवरून नकला करी. जोसेफ व्हर्ने हा वृद्ध चित्रकार तिला सल्ला देई; कोणत्याही एका संप्रदायाच्या मागें न लागतां जुन्या थोर चित्रकारांची कृति व प्रत्यक्ष सृष्टि ह्या दोहोंचा अभ्यास कर, असा त्याच्या उपदेशाचा मतलब होता. तसबीर काढवून घेण्यास येणारे कित्येक तरुण गृहस्थ चित्रापेक्षां चित्रकर्त्रीकडेच अधिक पाहात. त्यांवर तिनें मोठी नामी युक्ति योजिली होती. असला कोणी प्रेमळ कटाक्ष टाकूं लागला कीं, ती त्याला दूर कोठें तरी शून्यांत नजर लावून बसावयास सांगे, आणि त्याची बुबुळें चळलीं कीं, आतां डोळेच रंगवितें आहें, हलूं नका, असें बजावी. आई शेजारींच बसलेली असे; तिला ह्यांतली गंमत कळे.

१७७४ सालीं ती एकोणीस वर्षांची असतां सरकारी अंमलदारांनीं येऊन तिची चित्रशाळा जप्त केली. गुन्हा कोणता? तर धंद्याच्या पंचायतीची सनद नसतां पैसे घेऊन चित्रें काढणें. त्या काळीं पॅरिसमध्यें प्रत्येक धंद्याची बंदिस्त पंचायत असे. रंगाऱ्यांच्या व चिताऱ्यांच्या पंचायतीस सेंट ल्यूकची अकादमी म्हणत. ह्या नियमाचा आघात पुरुषांवरही होई हें खरें. परंतु आमच्या वाचकांनीं ह्या प्रसंगाची मौज लक्षांत घ्यावी. ती कमवीत असलेला पैसा सावत्र बाप राजरोस घेत होता, तेव्हां कोणत्याही अंमलदारास तिचें वय, तिचा हक्क किंवा तिची सनद आठवली नाहीं; ती कमवूं लागली आहे हें मात्र बरोबर ध्यानांत आलें. एलिझाबेथ रडत बसली नाहीं. तिनें त्याच पंचायतीकडे अर्ज केला, आपलीं चित्रें मांडलीं, व त्याच सालच्या आक्टोबर महिन्यांत ती तिची रीतसर सभासद झाली. तिचा बापही ह्याच संस्थेचा सभासद होता. स्त्रियांस ह्या पंचायतीचें दार त्यामानानें बरेंच उघडें असे. दुर्दैव असें कीं, १७७६ त धंद्यांच्या पंचायती मोडण्याचा जो हुकूम सुटला त्याच्या तडाख्यांत हीही संस्था सांपडून बंद झाली. पंचायतींच्या जुलमांतून धंदे सुटले ही सुधारणाच होय. पण त्या सुधारणेबरोबर चित्रकर्त्यांच्या पायांखालची एक पायरीही निघून गेली. मानाची जागा म्हणून राहिली ती राजकीय अकादमीची, आणि तिनें तर १७७० सालींच ठराव करून ठेविला होता कीं, एका वेळीं चारांहून अधिक स्त्रिया सभासद असूं नयेत.

सावत्र बापाच्या हातून सुटण्याच्या आशेनें १७७६ च्या जानेवारींत तिनें लग्न केलें. नवरा झां-बाप्तिस्त-पियेर लेब्रुन हा चित्रांचा मोठा व्यापारी व स्वतः थोडाफार चित्रकार होता. चित्रांची पारख त्याच्या इतकी पॅरिसमध्यें थोड्यांनाच असेल. त्याच्या घरीं लटकलेल्या उत्तमोत्तम कृति बायकोला अभ्यासास मोकळ्या होत्या, आणि तिच्या कलेस त्याच्या सहवासानें उपयोग झाला हें नाकबूल करणें अन्यायाचें होईल. पण जुगार व बाहेरख्यालीपणा हीं दोन व्यसनें त्यास पक्कीं जडलेलीं होतीं. बायकोच्या चित्रांचा पैसा तो स्वतःच वसूल करी आणि खर्चही स्वतःच करून टाकी. तेवढ्यानेंही भागेना म्हणून त्यानें तिला मुलींस शिकविण्याची शिकवणी धरावयास लाविलें, व त्याही उत्पन्नावर हात मारिला. त्या काळच्या कायद्याप्रमाणें ह्यांत त्याचें कांहींच चुकत नव्हतें. बाईनें पुढें आपल्या आठवणींत हिशेब दिला आहे, तो असा: १७८९ पर्यंत तिनें दहा लाख फ्रँकांहून अधिक मिळविले, व त्या सालीं फ्रान्स सोडतांना तिच्या नांवावर वीस फ्रँकांचेंही उत्पन्न नव्हतें. एका आगींतून निघून दुसऱ्या आगींत पडणें म्हणतात तें हेंच. बापाच्या घरून नवऱ्याच्या घरीं जाणें म्हणजे स्त्रीनें मालक बदलणें, एवढाच अर्थ जेथें असतो, तेथें मालक चांगला निघाला तर तिचें नशीब, न निघाला तर तिचा भोग.

१७७८ सालीं राणीनें तिला तसबिरीकरितां प्रथम बोलाविलें. दोघीही एकाच सालीं जन्मलेल्या, दोघींनाही गाण्याचा नाद. पुढें चित्र काढतां काढतां दोघी मिळून गात असत. १७८० त बाईला एक मुलगी झाली, तिचें नांव ज्यूली. प्रसूतीच्या कळा येऊं लागल्या तरी हातचें चित्र ठेवीना, असें तिचें वेड होतें. १७८३ सालीं अकादमीच्या सभासदत्वाचा प्रश्न निघाला. नवरा चित्रांचा व्यापारी, आणि अकादमीच्या सभासदाचा तर व्यापाराशीं संबंध असतां कामा नये, असा नियम दाखवून तेथील अधिकाऱ्यांनीं तिला दाराबाहेर ठेवण्याचा यत्न केला. म्हणजे नवरा तिची कमाई खाई, आणि त्या नवऱ्याच्या धंद्याचा विटाळ मात्र तिला! अखेर राणीची भीड पडून राजाच्या हुकुमानें ३१ मे १७८३ रोजीं तिला प्रवेश मिळाला. तिनें आपल्या योग्यतेचा पुरावा म्हणून सादर केलेलें चित्र साधी तसबीर नव्हतें. शांतता ही समृद्धीला परत घेऊन येते, असें तें रूपकात्मक चित्र होतें. दोन स्त्रीदेवता, एक उघड्या अंगाची, धान्याचें कणीस हातीं घेतलेली. स्त्रियांस जो प्रकार जमणेंच शक्य नाहीं म्हणून ठरलें होतें, नेमका तोच तिनें पुढें ठेविला. अकादमीनें तिला सभासद करून घेतलें, पण कोणत्या प्रकारची चित्रकर्त्री म्हणून, हें कागदावर नमूद करण्याचें टाळिलें.

त्याच दिवशीं आणखी एक बाई सभासद झाली, तिचें नांव आदेलाइद लाबिय-ग्यार. ही मात्र राजाच्या हुकुमानें नव्हे, तर मतें पडून रीतसर निवडून आली. हिच्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ही दुकानदाराची मुलगी. हिच्या चित्रांचें खरें काम एक पुरुष मित्रच करितो, अशी कंडी उठली, तेव्हां तिनें अकादमीतील सभासदांनाच एकामागून एक आपल्यापुढें बसवून त्यांच्या तसबिरी काढिल्या. तिनें मुलींस चित्रकला शिकविण्याचें कार्य हौसेनें चालविलें, आणि १७८५ त स्वतःचें जें मोठें चित्र प्रदर्शनांत मांडलें, त्यांत पाठीशीं आपल्या दोन विद्यार्थिनी उभ्या करून दाखविल्या. लूव्र राजवाड्यांत चित्रकारांस राहावयास जागा देत. ही मागूं लागली तेव्हां, एवढ्या मुली तेथें येजा करूं लागल्या तर नीति बिघडेल, असें कारण सांगून पुष्कळ वर्षें तिला नकार देण्यांत आला. १७९० सालीं अकादमींत उभें राहून स्त्रियांची चारांची मर्यादा काढून टाका, असा प्रश्न तिनेंच उपस्थित केला. लोकांनीं ह्या दोघी बायांना एकमेकींच्या वैरिणी ठरवून टाकिलें, व दोघींची तुलना करण्यांत टीकाकारांचे किती तरी कागद खर्ची पडले. एकाच भाकरीचे चार तुकडे ठरवून दिले म्हणजे खाणारांत वैर लावून देणें फार सोपें जातें.

प्रवेश मिळाला, आतां तरी निंदा थांबावी. पण खरी निंदा आतांच सुरू झाली. त्याच वर्षींच्या प्रदर्शनांत तिनें राणीची एक तसबीर ठेविली होती, तींत राणीच्या अंगावर जरीचा पोषाख नसून साधा पांढरा मलमलीचा झगा होता. राणीला आंतल्या कपड्यांत उभी केली, असा गिल्ला होऊन चित्र काढून घ्यावें लागलें, व त्याच्या जागीं रेशमी पोषाखाचें दुसरें लावण्यांत आलें. १७८७ सालीं मुलीला पोटाशीं धरलेलें स्वतःचें चित्र मांडलें, तर त्यांत ओंठ किंचित् उघडे असून दांत दिसतात, हा मोठाच अपराध ठरला. त्याच सालच्या प्रदर्शनाकरितां राणी व तिचीं मुलें ह्यांचें एक भव्य चित्र तयार झालें होतें. राणीची मलिन झालेली कीर्ति उजळावी म्हणून तें सरकारनेंच काढविलें होतें. त्यांत थोरला राजपुत्र एका रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवितो; त्या पाळण्यांतलें मूल त्याच वर्षीं वारलें होतें. प्रजेचा क्षोभ इतका कीं, प्रदर्शन उघडलें तेव्हां भीतीनें चित्र आणलेंच नाहीं, नुसती चौकट टांगली. लोकांनीं त्या रिकाम्या चौकटीवरही कोट्या केल्या, कारण राज्याची तिजोरीही तशीच रिकामी होती.

पण ह्या झाल्या चित्रांवरील टीका. बाईवर जी आग पाखडली गेली ती चित्रांकरितां नव्हे. पहिली कंडी अशी कीं, हिचीं चित्रें शेजारीं राहणारा मेनाझो नांवाचा चित्रकार काढून देतो. दुसरी कंडी, राज्याचा जमाखर्च पाहणारा मंत्री कालोन हा हिचा यार असून सरकारी खजिना हिच्या घरांत रिता होतो. कालोनची तसबीर तिनें १७८४ सालीं काढिली हें खरें. त्याबद्दल त्यानें एका छोट्या पेटींतून चार हजार फ्रँक पाठविले. लोकांत बोलवा झाली ती ही कीं, त्यानें मिठाईच्या पुड्या पाठविल्या आणि प्रत्येक पुडी हुंडीच्या कागदांत गुंडाळलेली होती! त्या चार हजारांतला एक पैसाही तिच्या हातीं राहिला असेल कीं नाहीं ह्याची आम्हांस शंकाच आहे. घेणारा घरांतच होता.

ह्या निंदेची वाढ कशी होते त्याचें एक उदाहरण तर इतकें नमुनेदार आहे कीं, तें सविस्तर सांगितलेंच पाहिजे. १७८८ सालीं एके संध्याकाळीं तिच्याकडे दहाबारा मंडळी जमावयाची होती. दुपारीं भाऊ एक नवें पुस्तक वाचून दाखवीत होता, त्यांत प्राचीन ग्रीक लोकांच्या जेवणाचें वर्णन आलें. बाईला लहर आली. तिनें स्वयंपाकिणीस बोलावून कोंबडीसाठीं व माशासाठीं ग्रीक पद्धतीचें सार करावयास सांगितलें. खालच्या मजल्यावरील गृहस्थाकडून जुनीं मातीचीं भांडीं उसनीं आणिलीं. चित्रांकरितां ठेविलेलीं वस्त्रें मैत्रिणींच्या अंगावर ग्रीक घडीनें घातलीं. एका कवीच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेविला. गाणें झालें, मधाची एक पोळी व दोन भाज्या झाल्या, जुन्या दारूची एक बाटली फुटली, आणि मंडळी हंसत घरीं गेली. एकंदर खर्च पंधरा फ्रँक. दुसऱ्याच दिवशीं पॅरिसभर बभ्रा झाला. व्हर्साय येथें राजाच्या कानीं गेलें तेव्हां आंकडा वीस हजारांवर पोंचला होता. पुढें बाई परदेशीं गेली, तर रोम शहरीं तिला त्याच जेवणाची किंमत चाळीस हजार फ्रँक ऐकावयास मिळाली, व्हिएन्ना येथें साठ हजार, आणि पीटर्सबर्ग येथें ऐंशीं हजार! कंडी घोड्यागाडीहून जलद जाते हें ठीक, पण ती वाटेंत व्याजही मिळविते. पुरुष चित्रकाराच्या घरीं असली पंगत झाली असती तर तो रसिक ठरला असता.

त्याच वर्षीं म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे तीन वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यास पॅरिस येथें आले होते. मराठ्यांशीं गजेंद्रगडचा तह होऊन टिपूला त्या बाजूनें नुकतीच उसंत मिळाली होती. नाटकगृहांत ह्या पाहुण्यांस पाहून बाईला त्यांच्या तसबिरी काढण्याची उत्कट इच्छा झाली. राजानें सांगितल्याशिवाय आम्ही रंगविले जाणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. तेव्हां राजाकडून तसें सांगविण्यांत आलें. मग बाईनें त्यांच्या बिऱ्हाडीं जाऊन मुहम्मद दरवेश खान ह्याची उभी, तलवार धरलेली, पायघोळ पांढऱ्या जाम्यांतली पूर्णाकृति तसबीर काढिली. चित्र वाळेपर्यंत तेथेंच ठेविलें, तों खानानें तें आपल्या बिछान्यामागें दडविलें व परत देईना. ह्यांत आतां जीव घातला पाहिजे, असें त्याचें म्हणणें पडलें. शेवटीं त्याच्या नोकराला वश करून बाईनें आपलें चित्र सोडवून आणिलें. १७८९ च्या प्रदर्शनांत तें लागलें, पण तोंपर्यंत चित्रकर्त्री स्वतःच देशांत राहिली नव्हती. हेंच चित्र २०१९ सालीं न्यूयॉर्क येथें लिलावांत सत्तर लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. जुन्या काळच्या कोणत्याही चित्रकर्त्रीच्या कृतीस लिलावांत तोंपर्यंत एवढी किंमत आली नव्हती.

१७८९ च्या आक्टोबरांत जमावानें राजाराणीला व्हर्साय येथून पॅरिसला आणिलें, त्या रात्रीं बाई नऊ वर्षांच्या ज्यूलीला व तिच्या शिक्षिकेला घेऊन, मोलकरणीसारखा वेष करून, टपालाच्या गाडींतून निघाली. कांहीं दिवसांसाठीं म्हणून गेली ती बारा वर्षें देशाबाहेर राहिली. त्या बारा वर्षांचा वृत्तांत लांबविण्याचें कारण नाहीं. फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, व्हिएन्ना, आणि १७९५ पासून पीटर्सबर्ग, जेथें गेली तेथें कलाकारांच्या संस्थांनीं तिला सभासद करून घेतलें व सरदारांनीं तसबिरींसाठीं रीघ लाविली. रशियाच्या राणीस, कॅथराइनला, आपल्या नातींचें चित्र आवडलें नाहीं, तर बाईनें त्यांच्या उघड्या दंडांवर बाह्या रंगवून दिल्या व पुढल्या कामास लागली. महत्त्वाची गोष्ट ती ही कीं, ह्या परदेशांत प्रथमच तिची कमाई तिच्या हातीं राहिली. ज्या राज्यक्रांतीनें तिला देशोधडीस लाविलें, तिच्याच कृपेनें तिला आपल्या पैशाची मालकी मिळाली, हा दैवाचा खेळ होय.

देशांत मात्र तिचें नांव १७९२ त पळपुट्यांच्या यादींत घातलें गेलें, म्हणजे तिचें नागरिकत्व गेलें. नवऱ्यानें १७९३ सालीं एक चोपडें छापून, माझी बायको राजद्रोही नसून विद्येसाठीं प्रवासास गेली आहे, असें प्रतिपादन केलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. १७९४ त त्यानें स्वतःचा जीव व मालमत्ता वांचविण्याकरितां घटस्फोट घेतला. घटस्फोटाचा कायदाही क्रांतीनेंच आणिला होता. त्याच्याविषयीं इतकें कठोर लिहिल्यावर हेंही लिहिणें प्राप्त आहे कीं, पुढें तिला परत येऊं द्यावें म्हणून दोनशेंपन्नासांहून अधिक कलावंतांच्या सह्यांचा जो अर्ज गेला, त्यामागें ह्याच माणसाची खटपट होती. १८०० त नांव यादींतून निघालें, व १८०२ च्या आरंभीं ती पॅरिसला परतली.

ह्या बाईला आम्ही देवी ठरवूं इच्छीत नाहीं. ती जन्मभर राजनिष्ठ राहिली. भुकेनें व्याकुळ झालेल्या प्रजेचा आक्रोश तिला शेवटपर्यंत नुसता दंगाच वाटला. ज्या मुखांवर मनाची क्षुद्रता दिसत होती त्यांवरही तिनें कुंचल्यानें पुष्कळ गोडी चढविली. स्त्रियांच्या हक्कांसाठीं सभेंत उभें राहण्याचें काम तिनें केलें नाहीं; तें लाबिय-ग्यार हिनें केलें. आणि सर्वांत वाईट वाटावयास लावणारी गोष्ट घडली ती पीटर्सबर्ग येथें. तेथें ज्यूलीनें नीग्री नांवाच्या एका साध्या चिटणिसाशीं लग्न करण्याचा हट्ट धरिला. आईनें आकाशपाताळ एक केलें, अखेर नाइलाजानें होकार दिला, पण मन फाटलें तें फाटलेंच. मुलीनें निवडलेला नवरा चांगला नव्हता, हें आईचें अनुमान पुढें खरें ठरलें. तरी ज्या स्त्रीला सावत्र बापानें व नवऱ्यानें आयुष्यभर आपल्या मुठींत ठेविलें, तिनेंच मुलीच्या बाबतींत मुठीचाच उपयोग करून पाहिला. मायलेकी पॅरिसमध्यें असूनही नंतर दूरदूरच राहिल्या. १८१९ सालीं ज्यूली वारली, आणि मग म्हातारीच्या शोकाला पार राहिला नाहीं.

राजकीय अकादमी १७९३ सालीं मोडण्यांत आली. जुन्या अकादमींत चार तरी स्त्रियांना जागा होती. तिच्या जागीं १७९५ त जी नवी राष्ट्रीय संस्था निघाली, तींत एकीलाही घेतलें नाहीं. समता व बंधुता ह्यांच्या घोषणा भिंतींवर रंगविल्या जात असतां हें झालें. आदेलाइद लाबिय-ग्यार हिला तर आपलें एक प्रचंड राजकीय चित्र, ज्यावर ती अडीच वर्षें खपली होती, जाळून टाकण्याकरितां स्वाधीन करावें लागलें. ती १८०३ सालीं वारली. पॅरिसच्या सरकारी चित्रशाळेचें दार मुलींस उघडलें तें १८९७ सालीं.

लेब्रुन बाई परत आल्यावर पुनः इंग्लंडला जाऊन दोन वर्षें राहिली, स्वित्झर्लंड पाहिलें, आणि १८०९ सालीं पॅरिसजवळ लूव्हसिएन ह्या खेड्यांत तिनें स्वतःच्या पैशानें घर घेतलें. १८१३ त पूर्वींचा नवरा वारला. वयाच्या ऐंशींच्या सुमारास, १८३५ ते १८३७ ह्या सालांत, तिनें आपल्या आठवणी तीन भागांत छापून काढिल्या व त्यांत आयुष्यांत काढिलेल्या चित्रांची यादी दिली. नुसत्या तसबिरीच सहाशेंहून अधिक भरतात. ३० मार्च १८४२ रोजीं पॅरिस येथें तिचा अंत झाला व लूव्हसिएन येथें तिला पुरण्यांत आलें. फ्रान्स देशांत तिच्या एकटीच्या चित्रांचें पहिलें मोठें प्रदर्शन भरलें तें २०१५ सालीं.